झॅमरिन गेलं, मग फ्लटरचं काय? तुमच्या अ‍ॅपची खरी मुदत कोण ठरवतं

मित्राच्या फोनवर एखादं अ‍ॅप मस्त चालतंय. तुम्ही तेच अ‍ॅप तुमच्या नव्याकोऱ्या फोनवर घ्यायला जाता आणि प्ले स्टोअर सांगतं की हे अ‍ॅप अँड्रॉइडच्या जुन्या व्हर्जनसाठी बनवलेलं आहे, तुमच्या डिव्हाइसवर मिळणार नाही. फोन महागाचा, नेट फास्ट, स्टोरेज भरपूर, तरी नाही. असं का होतं याचं उत्तर बऱ्याचदा तुमच्या फोनमध्ये नसतं. ते अ‍ॅप ज्या फ्रेमवर्कवर उभं आहे, त्याच्या नशिबात असतं.

मी माणमध्ये, म्हणजे हिंजवडी फेज ३ ला, एका छोट्या कंपनीत मोबाइल अ‍ॅप्सचं काम करते. (जग याला हिंजवडी म्हणतं, पण इन्फोसिसच्या फेज २ कॅम्पसचा पत्ता नीट वाचा, त्यात गाव माण, तालुका मुळशी असंच लिहिलेलं आहे.) इथल्या चहाच्या टपऱ्यांवर नवीन मुलंमुली हमखास एक प्रश्न विचारतात: "ताई, फ्लटरचा कोर्स केलाय, पण गूगल ते बंद करणार म्हणतात. आता काय करायचं?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. पण अ‍ॅप फक्त वापरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण फटका शेवटी त्यांनाच बसतो.

आधी हे क्रॉस-प्लॅटफॉर्म प्रकरण काय आहे?

अँड्रॉइडसाठी अ‍ॅप बनवायचं तर कॉटलिन किंवा जावा. आयफोनसाठी बनवायचं तर स्विफ्ट. म्हणजे एकाच अ‍ॅपसाठी दोन भाषा, दोन टीम, दोनदा टेस्टिंग आणि अर्थातच दोनदा पगार. मोठ्या कंपन्यांना हे परवडतं, छोट्यांना नाही. म्हणून मधे एक दुभाषी बसवतात. कोड एकदाच लिहायचा, दुभाषी तो दोन्हीकडे समजावून सांगतो. हा दुभाषी म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्क.

प्रत्येक दुभाष्याची पद्धत वेगळी. फोनगॅप आणि कॉर्डोव्हामध्ये आतून एक वेब पेजच असतं, वरून अ‍ॅपचं कवच. फेसबुकने २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह जावास्क्रिप्टमधून फोनची खरी बटणं हलवतं. गूगलचं फ्लटर फोनची बटणं वापरतच नाही, स्क्रीनवरचं सगळं स्वतः रंगवतं. आणि झॅमरिनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेत लिहून फोनच्या जवळपास सगळ्या सोयींना हात घालता यायचा.

पद्धत कुठलीही असो, एक अडचण सगळ्यांना सारखीच. दुभाष्याला दोन्ही भाषा रोज शिकत राहाव्या लागतात. अँड्रॉइड दरवर्षी बदलतं, आयओएस दरवर्षी बदलतं. दुभाष्याने अभ्यास सोडला की लगेच बोलणं बंद पडत नाही. पण नवीन शब्द आला की तो गप्प बसतो.

झॅमरिनचं नक्की काय झालं

झॅमरिन कंपनी २०११ मध्ये मिगेल दे इकाझा आणि नॅट फ्रीडमन यांनी सुरू केली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. पुण्यात सी शार्प येणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, त्यामुळे कारखान्यांची, गोदामांची, विक्री प्रतिनिधींची अ‍ॅप्स झॅमरिनमध्ये करणं सोपं होतं. मागे मायक्रोसॉफ्टसारखा मालक म्हटल्यावर कोण घाबरणार?

मग २०२२ च्या मे महिन्यात डॉटनेट माउई नावाचा वारसदार आला आणि १ मे २०२४ ला झॅमरिनचा सपोर्ट संपला. त्या दिवशी आमच्याकडे कोणाचंही अ‍ॅप बंद पडलं नाही. २ मेलाही नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की उगाच गवगवा होता.

खरी तारीख दुसरीकडे लिहिलेली होती. मायक्रोसॉफ्टने आधीच सांगितलं होतं की झॅमरिन शेवटचं अँड्रॉइड १४ आणि एक्सकोड १५ पर्यंत जाईल, पुढे नाही. आता दुकानदारांचे नियम बघा. २४ एप्रिल २०२५ पासून अ‍ॅपलने अट घातली की अ‍ॅप स्टोअरवर येणारं प्रत्येक अ‍ॅप आणि प्रत्येक अपडेट एक्सकोड १६ ने बनवलेलं हवं. झॅमरिनचा आयफोनचा दरवाजा तिथे बंद. गूगल दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी अशीच पट्टी वर सरकवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन अ‍ॅप किंवा अपडेट अँड्रॉइड १५ साठी तयार केलेलं असणं सक्तीचं झालं. मुदत वाढवून मागितली तर १ नोव्हेंबरपर्यंत सूट होती. झॅमरिन १४ वरच थांबलेलं, म्हणजे तोही दरवाजा बंद.

म्हणजे सपोर्ट संपल्याची घोषणा मायक्रोसॉफ्टने केली, पण मुदत ठरवली अ‍ॅपल आणि गूगलने. आणि दरवाजा बंद झाला तो अपडेटसाठी. अ‍ॅप जिथे आहे तिथे चालत राहतं, फक्त त्यात काही बदलता येत नाही. बग सापडला तरी तसाच.

सुरुवातीला सांगितलेला मेसेज याच साखळीचा पुढचा भाग. गूगलचा आणखी एक नियम आहे: जे अ‍ॅप फार मागच्या अँड्रॉइडवर अडकलंय ते नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नवीन लोकांना दाखवायचंच नाही. ज्यांनी ते आधी घेतलेलं असतं त्यांना पुन्हा मिळतं. म्हणूनच मित्राकडे चालतं आणि तुम्हाला दिसत नाही. २०२५ मध्ये ही किमान रेघ अँड्रॉइड १४ वर होती, म्हणजे झॅमरिनची अ‍ॅप्स काठावर वाचली. रेघ दरवर्षी अशीच एकेक पायरी चढत राहिली तर ऑगस्ट २०२६ नंतर तीही दिसेनाशी होतील.

यात मेमरीची एक भानगड पण आहे. फोन मेमरी छोट्या छोट्या पानांमध्ये वाटून वापरतो. वर्षानुवर्षं हे पान ४ किलोबाइटचं होतं, अँड्रॉइड १५ पासून १६ किलोबाइटच्या पानांची सोय आली. मोठी पानं म्हणजे अ‍ॅप लवकर उघडतं. पण फ्रेमवर्कच्या पोटातल्या फाइल्स त्या मापाने पुन्हा बनवाव्या लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढच्यासाठीच्या अपडेट्सना प्ले स्टोअरने हे सक्तीचं केलं. जिवंत फ्रेमवर्कमध्ये हे काम कुणीतरी करून देतं आणि आम्हाला फक्त व्हर्जन वाढवावं लागतं. झॅमरिनसाठी ते करायला कोणीच उरलं नव्हतं.

एकाच कारखान्याची दोन अ‍ॅप्स

चाकणमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची दोन अ‍ॅप्स आम्ही सांभाळतो. दोन्ही झॅमरिनमध्ये बनलेली. एक गोदामातलं, जाडजूड फोनसारख्या दिसणाऱ्या बारकोड स्कॅनरवर चालणारं. दुसरं माल पोचवणाऱ्या ड्रायव्हर लोकांसाठी, त्यांच्या स्वतःच्या फोनवर, प्ले स्टोअरमधून घेतलेलं.

सपोर्ट संपणार म्हणून मी तिथल्या स्टोअर्सच्या साहेबांना समजवायला गेले. ते म्हणाले, "अहो मॅडम, चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालताय?" गोदामापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते अ‍ॅप प्ले स्टोअरमधून येतच नाही, आम्ही थेट स्कॅनरवर टाकतो. तिथे गूगलच्या पट्टीचा संबंध नाही. स्कॅनर बदलेपर्यंत ते खुशाल चालेल. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत हा धोका उरतो, पण ते यंत्र गोदामाच्या वायफायबाहेर जात नाही.

ड्रायव्हरच्या अ‍ॅपला मात्र ही सवलत नव्हती. त्यात ई-वे बिलाचा नंबर स्कॅन करायची सोय हवी होती आणि ऑगस्टनंतर ती घालून अपडेट चढवताच आलं नसतं. आम्ही ते माउईवर नेलं. साडेतीन महिने लागले. सी शार्पमधला हिशेबाचा, सर्व्हरशी बोलण्याचा कोड जवळजवळ जसाच्या तसा गेला. वेळ खाल्ला तो स्क्रीननी. झॅमरिनमध्ये बटणांचं रूप बदलायला जी युक्ती वापरायचो, तिची माउईतली पद्धत पूर्ण वेगळी आहे. शिवाय माल मिळाल्याची सही बोटाने घ्यायची जी लायब्ररी आम्ही वापरत होतो ती माउईसाठी नव्हतीच, तो भाग नव्याने बांधावा लागला.

आणि माउईवर गेलो म्हणजे सुटलो असंही नाही. डॉटनेट ८ ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे, पण त्याच ८ मधल्या माउईचा सपोर्ट १४ मे २०२५ लाच संपला. कारण माउईच्या व्हर्जनला पुढचं व्हर्जन आल्यावर साधारण सहाच महिने मिळतात. म्हणजे दरवर्षी व्हर्जन बदलायचं हे आता ठरलेलंच. क्लायंटला कोटेशन देताना हे वर्षाचं काम वेगळं दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी "हे कशाचे पैसे?" हा प्रश्न ठरलेला.

मग फ्लटर बंद होणार का?

अफवेचं मूळ खरं आहे. एप्रिल २०२४ च्या शेवटी गूगलने जी कपात केली त्यात फ्लटर आणि डार्टच्या टीममधले लोकही गेले. गूगलने आजवर किती गोष्टी गुंडाळल्या हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे घबराट पसरली. पण दोनेक आठवड्यांत, मे महिन्याच्या मध्यात, फ्लटर ३.२२ आलं. ऑक्टोबरमध्ये फ्लटरच्याच टीममध्ये पूर्वी असलेल्या मॅट कॅरोल यांनी फ्लॉक नावाची समांतर शाखा जाहीर केली. तक्रार अशी की टीम फार छोटी आहे आणि लोकांनी कळवलेले बग वर्षानुवर्षं पडून राहतात. ही तक्रार मला पटते. पण बग रेंगाळणं वेगळं आणि फ्रेमवर्क मरणं वेगळं.

मालक किती मोठा आहे यावरून काही कळत नाही, असं माझं मत झालंय. ११ ऑगस्ट २०२० ला अ‍ॅडोबीने फोनगॅप सोडून देत असल्याचं सांगितलं आणि १ ऑक्टोबरला त्याची बिल्ड सेवा बंद केली. सगळ्यांनी श्रद्धांजली वाहून टाकली. पण त्याचाच खुला भाऊ कॉर्डोव्हा अपाची फाउंडेशनकडे होता. मोजक्या लोकांच्या जिवावर चालणाऱ्या त्या प्रकल्पाने २०२५ मध्ये ऑगस्टच्या आधीच अँड्रॉइड १५ ची तयारी पूर्ण केली होती. झॅमरिनमागे मायक्रोसॉफ्ट होतं, ते गेलं. कॉर्डोव्हामागे कोणी बडं नाव उरलं नाही, ते आहे. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचंही तसंच. २०१८ मध्ये एअरबीएनबीने ते सोडलं तेव्हा 'संपलं' म्हणणारे कमी नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्ट आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह लिनक्स फाउंडेशनखालच्या वेगळ्या संस्थेकडे सोपवण्याची घोषणा झाली. तिच्या संस्थापकांमध्ये मेटाबरोबर मायक्रोसॉफ्टही आहे! स्वतःचं माउई असताना. यातून काय अर्थ काढायचा तो तुम्ही काढा.

म्हणून मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना बातम्या वाचू नका, रिलीजच्या तारखा वाचा असं सांगते. नवीन अँड्रॉइड आल्यावर किती महिन्यांत फ्रेमवर्क त्याला जुळवून घेतं? १६ किलोबाइटचं काम मुदतीच्या आधी झालं की नंतर? आणि मालकाचं स्वतःचं पैशाचं अ‍ॅप त्यावर चालतं का? गूगल पे फ्लटरवर आहे. ज्या दिवशी ते फ्लटरवरून हलेल त्या दिवशी मी घाबरेन. तोवर कोर्स केलाय तर बिनधास्त अ‍ॅप बनवा. फक्त सोबत थोडं कॉटलिन शिकून ठेवा, कारण दुभाषी अडला की शेवटी फोनशी थेट बोलावं लागतं, आणि मुलाखतीतही नेमकं तेच विचारतात.

तुमच्या फोनवर काय दिसतं

अ‍ॅप कशावर बनलंय हे पाहायचं तर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' किंवा 'लायसन्सेस' शोधा. बऱ्याच अ‍ॅप्समध्ये तिथे वापरलेल्या लायब्ररींची लांबलचक यादी असते, त्यात फ्लटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह किंवा झॅमरिन ही नावं सापडतात. नाही सापडली तर प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या माहितीत शेवटच्या अपडेटची तारीख बघा. क्लासचं, सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं अ‍ॅप असेल आणि तारीख ऑगस्ट २०२५ च्या आधीची असेल, तर ते बनवणाऱ्यांना एक मेसेज टाकून विचारा की पुढचं अपडेट कधी. आणि त्यात तुमच्या पावत्या किंवा नोट्स असतील तर त्या आजच डाउनलोड करून घ्या.