हंड्याचं वजन, बाळाचं वजन

गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवल्याची बातमी रायगडच्या कर्जत-खालापूरकडून पावसाळ्यात अधूनमधून येते. दोन दिवस रस्त्याची चर्चा होते, मग गाडी वेळेवर का आली नाही याची. हे प्रश्न खरेच आहेत, रस्ता नसल्याने जीव जातात. पण झोळी निघते तोवर पोटातल्या बाळाचं बरंचसं ठरून गेलेलं असतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. अंगणवाडीच्या वहीत नाव लागण्याआधीची ही गोष्ट. पुढचे आठ महिने बाई काय खाते हे आपण विचारतो, गोळ्या मोजतो. ती किती राबते हे मात्र कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही. माझ्या मते अडीच किलोच्या आतल्या बाळांचं कोडं सुटत नाही, त्याचं एक मोठं कारण हा नसलेला रकाना आहे.

पुरावा घाटावरचाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं बारीक दिसतात, पण चरबी राखून स्नायू आणि अवयवांत काटकसर करतात, आणि ही काटकसर पुढे मधुमेहाच्या रूपाने वसूल होते, हा या कामातला गाजलेला भाग. कमी गाजलेला भाग कष्टांचा. संशोधकांनी या बायकांचं शेतातलं आणि घरातलं काम मोजलं. चौथ्या-पाचव्या महिन्यात आणि पुन्हा सातव्यात ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त होता, त्यांची बाळं हलकी निघाली. सातव्या महिन्यात विहिरीवरून पाणी वाहणाऱ्यांच्या बाळांच्या डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी भरला. जास्त राबणारी बाई गरीबही असते, मग दोष गरिबीचा की कामाचा, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. आईचं आधीचं वजन आणि आहार हिशेबात धरूनही कामाचा परिणाम उरला, एवढं सांगता येतं. फरक फार मोठा नव्हता, पण जिथे बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर आहे तिथे थोडकं वजनही थोडकं राहत नाही.

आता हेच घाटाखाली आणून पाहा. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. सह्याद्रीच्या माथ्यावर साठवलेलं पाणी शंभर वर्षं कर्जत-खालापूर तालुक्यांत कोसळतं आहे, त्यातून मुंबईला वीज मिळते आणि पाणी पुढे पाताळगंगेला, उल्हासला मिळतं. त्याच डोंगरांतल्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांमध्ये चैत्र-वैशाखात बाई पाण्यासाठी डवऱ्यावर जाते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, आणि एका खेपेत घर भागत नाही. कातकऱ्यांची कित्येक घरं तर दिवाळीनंतर वाडीत नसतातच. शेठकडून उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर काम जोडीने, मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. नवरा विटा पाडतो, बायको गारा आणि कच्च्या विटा वाहते. बायको बसली तर जोडी मोडते आणि उचल अंगावर राहते. भादव्यात दिवस राहिलेली बाई याच हंगामात भरत येते. अंगणवाडीताई वाडीत असते, बाई भट्टीवर.

यावर उत्तर तयार असतं: कष्टाने बाळंतपण सुटसुटीत होतं, आमच्या आया शेतातून येऊन बाळंत झाल्या. चालणं-फिरणं, घरचं हलकं काम गरोदरपणात चांगलंच, हे डॉक्टरही सांगतात. पण अंग मोकळं राहणं वेगळं आणि अर्धपोटी ओझी वाहणं वेगळं. बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं जातं, म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात हात आखडून जेवायचं, हा समजही याच घरचा. मूल सुटतं लवकर, पण ते थंड पडतं, अंगावर ओढताना दमतं, साध्या जंतूंना बळी पडतं.

दुसरं उत्तर सरकारी आहे: पोटभर जेवण द्या, बाकी आपोआप होईल. आदिवासी भागांसाठी अमृत आहार योजना २०१५ साली आली. शेवटच्या तीन महिन्यांत रोज एक चौरस जेवण. ते हवंच. गांबियात शेंगदाण्याच्या बिस्किटांनी बाळांचं वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढलं, आणि शेतीच्या कामाच्या, उपासमारीच्या महिन्यांत २०१ ग्रॅमने. आपल्याकडच्या लावणीच्या दिवसांसारखेच ते महिने. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून झालेला प्रयोग थोडं वेगळं सांगतो. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिन्यांपासून पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ मिळालेल्या बायकांच्या बाळांचं वजन सुमारे ४८ ग्रॅमने वाढलं. सगळ्यात बारीक बायकांच्या बाळांत मात्र फरक दिसला नाही. मला यातून असं वाटतं की रिकाम्या अंगात गेलेला घास आधी ते अंगच खातं. ताट मोठं करताना खर्चाची बाजू तशीच ठेवली, तर बाळाच्या वाट्याला काय येणार?

खर्चाची बाजू कमी करायची म्हणजे काम थांबवायचं, आणि काम थांबवायला पैसा लागतो. खालापूरच्याच एखाद्या कारखान्यात कायम नोकरीला असलेल्या बाईला प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा मिळते. तिच्या कुंपणापलीकडे वीट वाहणारीला मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हा या योजनेचा सांगितलेला एक हेतू. २०२५-२६ सालच्या रोजगार हमीच्या ३१२ रुपये रोजाने भागलं तर ही भरपाई भरते सोळा दिवसांची. रक्कम वाढवली तर नवरा ती पिऊन टाकेल, असा आक्षेप येतो. कारखान्यातल्या बाईचा पगार देताना तिच्या नवऱ्याची चौकशी कुणी करत नाही.