व्हॅलेटाच्या बंदरात मुंबईची पलटण

वऱ्हाड इंग्रजांकडे कसा गेला हे वाचता वाचता मी माल्टापर्यंत पोचलो. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. आमच्या वाशीमच्या काळ्या जमिनीचा सारा एका फौजेच्या पगाराला लागला. त्या फौजेची एक छावणी इथून जवळच, हिंगोलीला होती. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. हिंदुस्थानातल्या फौजा कुणाच्या पैशावर पोसल्या गेल्या आणि कुणाच्या कामी आल्या? या प्रश्नाचा माग काढताना १८७८ सालचे ब्रिटिश पार्लमेंटचे वादविवाद हाती लागले. त्यांत पानोपानी एकाच बेटाचे नाव होते. ते बेट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडेना.

व्हॅलेटा ही एवढीशी राजधानी. समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ सोंडेवर ती वसली आहे. लांबी जेमतेम एक किलोमीटर, आणि दोन्ही अंगांना खोल बंदरे. तुर्कांचा १५६५ चा वेढा, सेंट जॉनचे सरदार, त्यांचा प्रमुख ला व्हालेत आणि १५६६ मध्ये त्याने बसवलेला पहिला दगड ही कथा प्रवासवर्णनांतून पुष्कळदा येऊन गेली आहे. सेंट जॉनच्या कॅथीड्रलमधले काराव्हाज्जिओचे १६०८ चे प्रचंड चित्रही तसेच. ज्यांना चित्रकलेत रस आहे त्यांनी त्या एका चित्रासाठी तिथे जावे, इतके सांगून मी पुढे सरकतो.

मला पाहायचे होते ते बंदर. अप्पर बराक्का बागेच्या कमानींखाली उभे राहिले की ग्रँड हार्बर पायाशी पसरलेले दिसते. समोर सेंट अँजेलोचा किल्ला, त्याच्या बाजूला बिर्गू आणि सेंगलिया ही जुनी गावे, आणि सगळीकडे तोच मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड. दुपारी बाराला खालच्या तोफखान्यातून तोफ उडते. इथून पाहिल्यावर इंग्रज या बेटाला इतके घट्ट का धरून होते ते समजते. जिब्राल्टर आणि सुएझ यांच्यामधले सगळ्यांत सुरक्षित बंदर त्यांच्या ताब्यात होते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचा धक्का माल्टाच्या एकदम जवळ आला. १८७५ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने इजिप्तच्या खेदिवाकडून त्या कालव्याचे शेअर विकत घेतले. पुढे जे घडले त्याची वाट तिथूनच मोकळी झाली.

१८७८ च्या मार्चमध्ये रशियाने तुर्कस्तानला हरवून सान स्तेफानोचा तह लादला होता. रशियन फौजा कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीवर होत्या. डिझरायलीला, म्हणजे तेव्हाच्या लॉर्ड बीकन्सफील्डला, रशियाला धाक दाखवायचा होता. १६ एप्रिलला पार्लमेंट ईस्टरच्या सुट्टीसाठी उठले. अर्थमंत्री नॉर्थकोट यांनी सदस्यांना चिंतेचे कारण नसल्याचा दिलासा दिला होता. दुसऱ्याच दिवशी जाहीर झाले की हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक माल्टाला निघणार आहेत. सदस्यांना ही बातमी सुट्टीत, वर्तमानपत्रांतून कळली. या बीकन्सफील्डने तरुणपणी, १८३० मध्ये, भडक पोशाखात व्हॅलेटाच्या रस्त्यांवर मिरवून घेतले होते. आता त्याच रस्त्यांवर तो मुंबई आणि बंगालची शस्त्रे मिरवणार होता.

कोण होते हे सैनिक? गुरखे होते, बंगालचे घोडदळ आणि पायदळ होते, मद्रासची एक पलटण होती. मुंबई लष्करातून पायदळाची ९ वी आणि २६ वी पलटण, घोडदळाची पहिली लान्सर्स रेजिमेंट आणि सॅपर्सच्या तुकड्या होत्या. त्या काळचे मुंबई लष्कर बंगालपेक्षा वेगळे होते. एकाच कंपनीत निरनिराळ्या जातींचे शिपाई असत. कोकणातले मराठे, घाटावरचे मराठे, महार आणि उत्तरेतले परदेशी एका रांगेत उभे राहत. महारांची भरती बंद होण्याला अजून चौदा-पंधरा वर्षे होती. समुद्र ओलांडणे मुंबईच्या पलटणींना नवे नव्हते. १८५६–५७ मध्ये त्या इराणला जाऊन आल्या होत्या आणि १८६७–६८ मध्ये ॲबिसिनियाला. पण ब्रिटनने हिंदी फौज युरोपात उतरवली ती ही पहिलीच वेळ.

मेच्या अखेरीस जहाजे ग्रँड हार्बरमध्ये शिरली. धक्क्यावर उतरून शहराच्या वेशीतून आत शिरणाऱ्या शिपायाला सर्वांत आधी दिसली असेल ती ऑपेरा हाउसची नवी करकरीत इमारत. १८७३ च्या आगीत ती जळाली होती आणि आदल्याच वर्षी पुन्हा उघडली होती. आज तिथे खांबांचे अवशेष आहेत. १९४२ च्या एप्रिलमध्ये बॉम्बने ती पाडली, आणि त्या अवशेषांतच रेन्झो पियानोने खुले नाट्यगृह बांधले. मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो होतो. ब्रिटिश लष्कराचे सरसेनापती ड्यूक ऑफ केंब्रिज जूनमध्ये खास या फौजेची पाहणी करायला आले. कवायती झाल्या, सलाम्या झाल्या. लढाई मात्र झाली नाही. बर्लिनच्या परिषदेने प्रश्न कागदावर मिटवला. या फौजेला जुलैत सायप्रसला नेले, कारण ४ जूनच्या गुप्त करारानुसार ते बेट तुर्कस्तानने इंग्रजांच्या हवाली केले होते. तिथून ती हिंदुस्थानात परतली.

खरी लढाई झाली ती लंडनमध्ये. २० मेपासून दोन्ही सभागृहांत यावर खडाजंगी उडाली. विरोधकांचा मुद्दा कायद्याचा होता. १६८९ च्या हक्कांच्या सनदेनुसार पार्लमेंटच्या संमतीशिवाय शांततेच्या काळात राज्यात खडी फौज ठेवता येत नाही. सैन्याची संख्या दरवर्षी पार्लमेंट ठरवते. मग हिंदुस्थानातून मनाला येईल तेवढी फौज आणून युरोपात ठेवता येत असेल तर त्या सनदेला अर्थ काय? लॉर्ड सेल्बोर्न यांनी हे फार सुरेख मांडले. सरकारपक्षाने उत्तर दिले की माल्टा हे ‘राज्यात’ मोडतच नाही. कॉमन्समध्ये विरोधकांचे नेते लॉर्ड हार्टिंग्टन यांचा याच अर्थाचा ठराव १२१ मतांनी पडला.

मला यातले खरे महत्त्वाचे वाटते ते १८५८ च्या हिंदुस्थान कायद्याचे ५५ वे कलम. आक्रमण परतवणे किंवा अचानक ओढवलेली निकड सोडता, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय खर्च करता येणार नाही, असे ते कलम सांगते. माल्टाचा खर्च इंग्लंडची तिजोरी उचलणार असल्याने सरकार त्यातून निसटले. पण या कलमावर पहारा देणारा एक माणूस त्या सभागृहात होता. आपल्याकडे त्याची आठवण जवळजवळ पुसली गेली आहे.

हेन्री फॉसेट. १८५८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, शिकारीला गेला असता वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे लागून त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्यानंतर तो केंब्रिजला अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८६५ मध्ये ब्रायटनहून पार्लमेंटमध्ये आला. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला तेव्हा इंडिया ऑफिसने त्याच्यासाठी मोठा नाचाचा जलसा केला आणि त्याचे बिल हिंदुस्थानच्या खात्यावर टाकले. या जलशाशी हिंदी रयतेचा काय संबंध, असे फॉसेटने विचारले. तिथून त्याने हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा पिच्छा सोडला नाही. स्वतः आकडे वाचू शकत नव्हता, म्हणून तो ते वाचून घेई, पाठ करी आणि सभागृहात मंत्र्यांना उलटसुलट विचारी. लोक त्याला ‘हिंदुस्थानचा सदस्य’ म्हणत. १८७४ मध्ये ब्रायटनला तो पडला तेव्हा त्याच्या पुढच्या निवडणुकीसाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली. त्याच वर्षी तो हॅकनीहून निवडून आला. त्याची पत्नी मिलिसेंट पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची नेती झाली, आणि २०१८ मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकात उभा राहिलेला पहिला स्त्रीपुतळा तिचा आहे. नवऱ्याचे नाव निदान पुणे-मुंबईत तरी एखाद्या रस्त्याला असायला हवे होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कारण माल्टाची मोहीम हिंदुस्थानला फुकटात निभावली तरी तिच्यामुळे एक पायंडा पडला, आणि फॉसेटला ज्याची भीती होती ते सहा महिन्यांत घडले. नोव्हेंबर १८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. डिसेंबरात त्याचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्याचा ठराव पार्लमेंटपुढे आला. फॉसेटने विरोधाची सूचना मांडली आणि ती फेटाळली गेली. ५५ वे कलम शाबूत राहिले, आणि त्याच कलमातल्या संमतीचा वापर करून हिंदुस्थानच्या खिशात हात घातला गेला.

हा खिसा त्या वर्षी कसा होता? १८७६ ते ७८ चा दुष्काळ. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे जिल्हे होरपळून गेले होते. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांची धडपड आपल्याला माहीत आहेच. पुढच्या दुष्काळांसाठी निधी हवा म्हणून सरकारने १८७८ मध्ये लायसन्स टॅक्स बसवला. त्याविरुद्ध एप्रिलच्या सुरुवातीला सुरतेत दंगल झाली, म्हणजे माल्टाचा हुकूम जाहीर होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी. मार्चमध्येच व्हाइसरॉय लिटनने देशी वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा केला होता. आणि दुष्काळनिधीसाठी म्हणून गोळा केलेला पैसा अफगाण युद्धाच्या खर्चात मुरला, हा आरोप पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. मला तो रास्त वाटतो. त्याच काळात पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात एक कारकून नोकरी करत होता, वासुदेव बळवंत फडके. १८७९ च्या फेब्रुवारीत त्याने बंड उभारले.

पार्लमेंटमधली ती भाषणे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. इंग्रज नागरिकाचे स्वातंत्र्य, राजाचे अधिकार, पार्लमेंटचा मान यांवर तिथे तासन्‌तास बोलणे झाले. उत्तम बोलणे झाले. पण दोन्ही बाजूंच्या बहुतेक वक्त्यांच्या लेखी हिंदी शिपाई हे एक ओझे होते, कुणी कुठे ठेवायचे तेवढेच ठरवायचे. त्याचे स्वतःचे मत काय, किंवा साताऱ्याच्या ज्या शेतकऱ्याचा तो मुलगा त्याचे मत काय, हे विचारण्याची सोयच तिथे नव्हती. दादाभाई नौरोजी त्या सभागृहात पोचायला अजून चौदा वर्षे होती. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा बारा वर्षांचे होते. १८९७ मध्ये ते लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले आणि हिंदुस्थानच्या लष्करी खर्चाचा, सरहद्दीपलीकडच्या मोहिमांचा हिशेब त्यांनी मांडला. फॉसेट त्याआधी १३ वर्षे, १८८४ मध्ये, वारला होता. पण गोखल्यांचा प्रश्न त्याचाच होता. आणि वऱ्हाडच्या साऱ्याचाही तोच प्रश्न होता. फौज कुणाची, पैसा कुणाचा?

माल्टाला हिंदी माणसे पुढेही येत राहिली. पहिल्या महायुद्धात हे बेट जखमींचे मोठे रुग्णालय झाले होते. देवबंदचे मौलाना महमूद हसन इंग्रजांच्या कैदेत १९२० पर्यंत इथेच होते, आणि ज्या एमडन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या तिचा कप्तानही याच बेटावर बंदी होता. त्या महायुद्धातल्या, माल्टात मरण आलेल्या आणि तिथेच दहन झालेल्या २० हिंदी सैनिकांचे स्मरण पिएता लष्करी दफनभूमीत केलेले आहे. व्हॅलेटाच्या वेशीपासून पिएता अगदी जवळ आहे, बस मिळते. माल्टाच्या सहली आता मराठी कंपन्याही काढतात. कार्यक्रमात कॅथीड्रल, बाग आणि बोटीची फेरी असते, पिएता नसते. तुम्ही गेलात तर अर्धा दिवस मागून घ्या. आणि तुमच्या घरात पणजोबांचे मुंबई लष्करातले पेन्शनचे कागद, बिल्ले, सर्व्हिसची वही असेल, १८७८ च्या आसपासची असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा पुराभिलेखागाराला दाखवा. नवव्या पलटणीतून माल्टाला जाऊन आलेल्या मराठी शिपायाची हकिगत पार्लमेंटच्या कागदांत मिळणार नाही, तुमच्या पेटीत मिळाली तरच मिळेल.