सहाच्या पाढ्यातील नाताळ

टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने दोऱ्याच्या फासातून पुढचा फास ओढत जी वीण तयार होते, तिला क्रोशाचे विणकाम म्हणतात. दोन सुयांच्या विणकामात अख्ख्या ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर असतात, तर क्रोशात बहुधा एकच फास सुईवर राहून मागची वीण पक्की होत जाते. त्यामुळे सुई हव्या त्या टाक्यात व हव्या त्या दिशेने घालता येते, आणि चेंडू, घंटा, तारा, हिमकण असे लहान आकार सहज साधतात. पाश्चात्त्य देशांत नाताळच्या झाडावर टांगण्यासाठी असे नग घरोघरी विणले जातात.

‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा असा असून, या विणकामाच्या छापील कृती ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात १८२३ च्या सुमारास येऊ लागल्या. पुढे १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ ओढवला, तेव्हा धर्मभगिनींच्या मठांतून मुलींना व स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि तिच्या विक्रीवर अनेक कुटुंबे तगली.

या विणकामाची मुळाक्षरे मोजकीच आहेत. फासातून फास ओढला की साखळी होते. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढला व सुईवरचे दोन्ही फास एकदम सोडवले की बुटका, घट्ट ‘मुका खांब’ होतो. आणि टाक्यात शिरण्यापूर्वी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेतला की त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा ‘खांब’ उभा राहतो.

झाडावर टांगायचा लोकरीचा चेंडू मुक्या खांबांनी विणला जातो. सरकत्या फासात प्रथम ६ मुके खांब घालून फास आवळतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन टाके घालून १२, तिसरीत एकाआड एक टाक्यात वाढवून १८ आणि चौथीत २४ टाके होतात. ही वाढ सहाच्या पाढ्यानेच का चालते, याचे उत्तर भूमितीत आहे. वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ सुमारे ६.२८ ने वाढतो, आणि मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळपास सारखीच असल्यामुळे प्रत्येक फेरीत साधारण सहा टाके वाढवले तरच चकती सपाट राहते. वाढ कमी पडली तर तिची वाटी होते, जास्त झाली तर कडेला झालर पडते. याच झालरीचा उपयोग करून गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अतिवलयी भूमितीची, म्हणजे सर्वत्र खोगिरासारख्या वळणाऱ्या पृष्ठभागाची, क्रोशाने विणलेली प्रतिकृती घडवली. चेंडूत मात्र २४ टाक्यांच्या आणखी चार फेऱ्या झाल्यावर हाच पाढा उलटा म्हणत १८, १२, ६ असे उतरतात, आणि तोंड बंद होण्याआधी आत कापूस भरतात. एवढ्याशा चेंडूत १९२ टाके असतात.

हिमकणातही सहाचाच आकडा येतो, परंतु तो निसर्गाने दिलेला आहे. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत रचले जातात, म्हणून हिमकणाला सहा हात फुटतात. या षट्कोनाविषयी खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी १६११ मध्ये पुस्तिका लिहिली, तर अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ पासून पाच हजारांहून अधिक हिमकणांची छायाचित्रे टिपली. विणताना साखळ्यांच्या कड्यात खांबांचे सहा गट घालून प्रत्येक गटापुढे एक हात वाढवतात. त्यासाठी सुती दोरा उत्तम, कारण तो खळ नीट धरतो. विणलेला हिमकण खळीत किंवा साखरेच्या दाट पाण्यात भिजवून, पिळून, मेणकागदावर टाचण्यांनी सहाही टोके ताणून वाळवला की तो ताठ होतो. हे काम घाईने झाले तर उत्तम विणलेला नगही वेडावाकडा दिसतो.

क्रोशाची खरी वीण घालणारे यंत्र कारखान्यांत आजही प्रचलित नाही. यंत्रावरचे क्रोशासारखे दिसणारे कापड वेगळ्या विणीचे असते. साहजिकच बाजारातला प्रत्येक अस्सल नग कोणाच्या तरी हातून आलेला असतो. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजवलेली लेस आजही परदेशी जाते आणि तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र तेथे घरी बसून विणणाऱ्या बायकांना कामगार न मानता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी समजले जाते व त्यामुळे त्यांची मजुरी नगण्य राहते, हे समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या ग्रंथात दाखवून दिले. मराठी घरांतील क्रोशाची तोरणे, रुमाल आणि रुखवतातील वस्तू यांचेही कौतुक होते, पण त्यांमागचे तास क्वचितच मोजले जातात. सणाच्या बाजारात विणलेला चेंडू हाती घेणाऱ्याने घासाघीस करण्यापूर्वी त्यातले टाके एकदा मोजून पाहावेत; त्याचा योग्य दाम कोणता, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.