पात्राला किती भाषा येतात?

सुट्टी लागली की ओळखीच्या घरांतून एक चौकशी हमखास येते. मुलगा म्हणतोय डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचंय, ते नेमकं काय असतं, आणि त्याला मोबाईल लागतो का? मोबाईल लागत नाही म्हटलं की निम्मे पालक तिथंच खूश होतात. उरलेल्यांना बसवून सांगावं लागतं. आमच्या बेळगावच्या घरी रविवारी जेवणाचं टेबल मोकळं झालं की भाचा, त्याचे दोन मित्र, शेजारची नववीतली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ असे सगळे जमतात, ते संध्याकाळच्या चहापर्यंत हलत नाहीत. चौकशी माझ्याकडे येते ती त्यामुळं.

खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो 1974 मध्ये बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं आणि एकजण त्या पात्रांभोवतीचं सगळं जग चालवतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. आमच्याकडे सूत्रधार म्हणतात आणि ते काम माझ्याकडे आहे. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतो, आणि जमेल की नाही याची खात्री नसेल तेव्हा 20 बाजूंचा फासा टाकतात. दशावतार पाहिलेल्या माणसाला हे लवकर कळतं. तिथं कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. इथं कथानकसुद्धा ठरलेलं नसतं, एवढाच फरक.

नवीन मुलाची पहिली ओढ असते ताकदीकडं. दोन हातांत दोन तलवारी, अंगावर काळा झगा, आईवडील लहानपणीच गेलेले, आणि हा कुणाशी बोलत नाही. असं पात्र कागदावर झकास दिसतं. टेबलावर मात्र तासाभरात त्याला करण्यासारखं काही उरत नाही, कारण ज्याचं कुणीच नाही त्याला गावात कुणाकडं जायचं कारणच नसतं. म्हणून मी आकड्यांआधी तीन गोष्टी विचारतो. तू कुणाचं देणं लागतोस? कुणासमोर तुझी जीभ अडखळते? आणि तुला येणारी प्रत्येक भाषा तू कुणाकडून शिकलास?

तिसरा प्रश्न आपल्या भागातल्या मुलांसाठी आहे. पात्राच्या कागदावर भाषांची एक ओळ असते. बहुतेक खेळाडू ती भरतात आणि विसरतात. 2014 च्या नियमपुस्तकात माणसाला ‘कॉमन’ ही सगळ्यांची भाषा आणि शिवाय एक जादा भाषा मिळते. एल्फला कॉमन आणि एल्विश. ड्वार्फला कॉमन आणि ड्वार्विश. 2024 च्या सुधारित पुस्तकात प्रत्येकाला कॉमन धरून किमान तीन भाषा आहेत, आणि खुणांची भाषाही त्या यादीत आली आहे. घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना या ओळीचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

भाच्याचा लढवय्या बघा. माणूसच, पण ड्वार्फ लोहाराच्या भट्टीवर वाढलेला. त्याला ड्वार्विश येते, पण भट्टीपुरती. हत्यारांची नावं येतात, शिव्या फर्डा देतो, भाव करतो. पण कुणाच्या घरी मयत झालं तर चार शब्द बोलता येत नाहीत. हे कुठल्या नियमात नाही. आम्ही कागदावर समासात लिहून ठेवलंय, आणि त्या एका ओळीनं जेवढा खेळ चालला तेवढा त्याच्या तलवारीनं चालला नाही.

दुसरं पात्र निघालं लिपीवरून. 2014 च्या पुस्तकातल्या भाषांच्या तक्त्यात लिपीचा एक रकाना आहे. त्यात गॉब्लिन, ऑर्क, जायंट, नोम या भाषा ड्वार्विश लिपीत लिहितात असं दिलंय. म्हणजे ज्याला ड्वार्विश वाचता येतं तो गॉब्लिनांचं पत्र घडाघडा वाचून दाखवेल, पण त्याला अर्थ कळणार नाही. कोंकणी गोव्यात देवनागरीत आणि रोमीत लिहितात, मंगळुराकडं कन्नड लिपीत. त्यामुळं यात नवल कसलं, असं आमच्या टेबलावर सगळ्यांनाच वाटलं. मग एकानं चोराचं पात्र केलं ते कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देणाऱ्याचं. लिपी येते, भाषा येत नाही. तो वाचणार आणि भाषा जाणणारा पण निरक्षर सोबती ऐकून अर्थ सांगणार. एका पत्रासाठी दोन मुलं लागली, आणि दोघांनाही आपलं काम आहे असं वाटलं. पाच मुलांच्या टेबलावर हे साधणं फार अवघड असतं.

भाषा टेबलावर प्रत्यक्ष बोलायची असेल तर मात्र आपल्या जिल्ह्यात जपून. मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं की राक्षस, गॉब्लिन, दरोडेखोर यांच्या तोंडी ना मराठी घालायची ना कन्नड. टेबलावर दोन्ही घरची मुलं असतात आणि खलनायक आपल्या आजीच्या भाषेत बोलला की मूल ते विसरत नाही. कॉमन म्हणजे मराठी आणि एल्विश म्हणजे कन्नड अशी वाटणी एका गोष्टीत केली, तर पुढच्या गोष्टीत उलटी करायची. ज्याच्या कागदावर एल्विश नाही त्यानं समजत असूनही न समजल्यासारखं बसायचं. याचा सराव आपल्या घरांतून कुणाला नाही? मोठ्यांना मुलांपासून काही लपवायचं असलं की ते भाषा बदलतात, आणि मुलं भिंतीकडं बघत सगळं ऐकत असतात.

गॉब्लिनांची भाषा मी चिठ्ठीवर लिहितो आणि ज्याला ती येते त्याच्या हातात देतो. बाकीच्यांना त्यानं सांगेल तेवढंच कळतं. या चिठ्ठ्यांनीच आमच्याकडचा सगळ्यात चांगला रविवार झाला.

शेजारच्या त्या मुलीची आई कन्नड, वडील मराठी. तिचं पात्र हाफ-एल्फ शाहीर, धंदा दुभाष्याचा, आणि जादा भाषा म्हणून तिनं गॉब्लिन घेतलेली. पुलाच्या जकातीवरून गावचा पाटील आणि गॉब्लिनांचा नाईक समोरासमोर आले होते, मध्ये ही. मी नाईकाची चिठ्ठी दिली: तुझ्या पाटलाला सांग, त्याच्या बापानं हा पूल आमच्या पैशानं बांधला, आणि तो चोर होता. तिनं चिठ्ठी वाचली, दुमडली आणि म्हणाली, “तो म्हणतोय, पुलाचा जुना हिशेब जरा बाकी आहे.”

इथं नियमाचा प्रश्न आला. हे फसवणं की समजूत घालणं? तिचं म्हणणं, मी खोटं बोललेच नाही, नीट करून सांगितलं. मी ठरवलं की गॉब्लिनच्या बाबतीत फासा नको; पाटलाला शंका येते का, तेवढंच बघायचं. म्हणजे तिची फसवण्याची हातोटी विरुद्ध पाटलाची माणूस ओळखण्याची जाण. तिच्या फाशावर 6 पडले, तिचे 5 मिळवून 11. पाटलाचे झाले 13. पाटील म्हणाला, “एवढंच? तोंड तर केवढं मोठं उघडलं होतं त्यानं.” पोरं हसली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग चिठ्ठी उघडून शब्दन् शब्द वाचून दाखवला, आणि म्हणाली, “हे त्याचं झालं. आता माझं ऐका दोघंही.” त्यानंतरचा अर्धा तास मी फक्त ऐकत होतो. निघताना चपला घालता घालता तिनं सांगितलं की दोन्ही आज्यांच्या मध्ये बसून आपण घरी हेच करतो, तिथं फासा नसतो एवढंच.

2024 च्या पुस्तकात हाफ-एल्फ ही स्वतंत्र जात राहिलेली नाही. आमच्या टेबलावर याचा राग आला, आणि मला तो रास्त वाटतो. दोन घरांमध्ये वाढलेल्या मुलाला स्वतःचं म्हणावं असं ते एक पात्र होतं. कंपनीची दुसरी बाजूही आहे. 2020 मध्ये तिनं जाहीरपणे मान्य केलं की ऑर्क आणि ड्राऊ यांना जन्मजात दुष्ट रंगवताना खऱ्या जगातल्या समाजांना जशी नावं ठेवली गेली तसंच काही उमटलं होतं. नव्या पुस्तकात ऑर्क खेळाडूंसाठी खुला झाला, ते मला पटतं. हाफ-एल्फ गेला, ते पटत नाही. अर्थात जुन्या पुस्तकातली जात नव्या नियमांबरोबर वापरायला मुभा आहे, आणि आम्ही ती वापरतो.

पुस्तक विकत घ्यायलाच हवं असंही नाही. नियमांचा गाभा ‘सिस्टम्स रेफरन्स डॉक्युमेंट’ या नावानं मोफत मिळतो. त्याची 5.1 ही आवृत्ती जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली. हाफ-एल्फ आणि लिपीचा तक्ता दोन्ही तिच्यात आहेत.

आता आकडे. सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. सोपा मार्ग म्हणजे 15, 14, 13, 12, 10 आणि 8 हे सहा आकडे आपल्या मर्जीनं वाटायचे. मुलं 15 कुठं घालायचे यावर अर्धा तास घालवतात. मी सांगतो की 8 वर विचार करा. 10 पेक्षा वरच्या दर दोन गुणांना फाशात 1 मिळतो, आणि 8 ला 1 वजा होतो. नुकसान फार नाही, पण पात्र कुठं हमखास घसरणार ते ठरतं, आणि टेबलावर लक्षात राहतं ते घसरणंच.

फासा कधी टाकायचा, हे सूत्रधारानं हातात ठेवावं. दार उघडं असेल तर दार ढकलायला फासा नको. चंद्रावर उडी मारतो म्हणणाऱ्यालाही नको. फासा मधल्या गोष्टींसाठी. सोप्या कामाला 10, मध्यमला 15, कठीणला 20 एवढी पातळी धरली की बरंच भागतं. 20 पडले की काहीही जमतं अशी एक समजूत मुलांमध्ये पक्की आहे. हल्ल्यात ती खरी. 20 पडले की वार लागतोच. पण कुलूप उघडणं, भिंत चढणं, पटवून देणं यांत बेरीजच धरायची. यावरून भांडण होतंच, म्हणून खेळ सुरू होण्याआधी सांगून टाका.

परिस्थिती अनुकूल असेल तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. अनुकूल कारणं तीन असली तरी फासे दोनच. आणि एक अनुकूल, चार प्रतिकूल असली तरी एकमेकांना खाऊन सरळ एकच फासा. मोजत बसू नका.

फासे नसतील तर 1 ते 20 च्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घाला. काढलेली चिठ्ठी परत आत टाकायची, नाहीतर 20 एकदाच येईल. घरातल्या चौकाबाऱ्याच्या कवड्या काढायचा मोह होतो, पण कवड्यांत सगळी दानं सारखी पडत नाहीत. चार कवड्यांत दोनचं दान सगळ्यात जास्त वेळा येतं.

“माझं पात्र असंच वागेल की!” असं म्हणून सोबत्याची थैली चोरणारा एक मुलगा प्रत्येक टेबलावर असतो. त्याला नियम दाखवून उपयोग नाही. विचारायचं, की तुझं पात्र यांच्याबरोबर राहिलंय कशाला? कारण सांगता आलं तर चोरी करू दे, नाही आलं तर पात्र नव्यानं बांधू दे. भाच्याच्या एका मित्रानं यावर दोन दिवस विचार करून आणला की त्याच्या चोराला लिहिता येतं, पण पत्र धाडायला घरचं कुणी नाही. त्यानंतर त्यानं थैलीला हात लावला नाही.

पहिल्या पातळीवर सांभाळून राहा. मांत्रिकाचा जीव 6 आणि काटकपणाचे मिळतील तेवढे. गॉब्लिनच्या तलवारीचा एक घाव 8 पर्यंत जातो. जीव शून्यावर आला म्हणजे पात्र मेलं असं नाही. त्यानं आपल्या पाळीला फासा टाकायचा: 10 किंवा वर म्हणजे एक यश, खाली म्हणजे एक अपयश. तीन यशं आधी आली तर तो तगला, तीन अपयशं आली तर गेला. 1 पडला तर दोन अपयशं, 20 पडले तर एका जीवावर उठून उभा. त्याचं नशीब बघत बसायची सक्ती नाही. शेजारच्यानं आपली पाळी खर्चून उपचाराचा फासा टाकला आणि बेरीज 10 झाली तरी तो तगतो. धाकट्या भावाला हा एकच नियम पाठ आहे, आणि टेबलावर कुणीही पडलं की तो आपली पाळी यायच्या आधीच फासा मुठीत धरून बसतो.