नखाएवढा दगड, हरणाची शिकार!

तुझ्या करंगळीच्या नखाकडे बघ. बघितलंस? आता सांग, एवढ्याशा दगडानं हरणाची शिकार होईल का?

होईल! हजारो वर्षांपूर्वी होतही होती. तीसुद्धा कुठल्या दूरदेशी नाही, आपल्या महाराष्ट्रात! आणि ते चिमुकले दगड अजूनही जागोजागी पडलेले आहेत. नदीकाठी, माळावर, वावरात. लोक त्यांच्यावरून चालत जातात आणि कुणाला पत्ताच नसतो!

चल, हिमायतनगरला जाऊ. नांदेड जिल्ह्यातलं हे गाव. जुनी माणसं त्याला अजून वाढोणा म्हणतात. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा आहे आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. ही पैनगंगा उगम पावते पार बुलडाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. तिथून काळ्या खडकाच्या मुलखातून वळणं घेत घेत ती इकडे येते. पण रिकाम्या हातानं येत नाही हं! सोबत गोटे आणते. ढीगभर गोटे!

त्यातले बरेचसे काळे, मळकट. पण मध्येच एखादा निराळाच दिसतो. कुणी दुधी, कुणी मधाच्या रंगाचा, कुणी विटकरी लाल. दुधी गोट्याची पातळ कड उन्हासमोर धरली तर उजेड आरपार येतो! हे सगळे गारगोटीचे भाऊबंद. अकीक, चर्ट, जास्पर, कॅल्सेडनी अशी त्यांची नावं.

हे भाऊबंद काळ्या खडकात कुठून आले? त्याची गोष्टही भारी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीतून लाव्हा बाहेर आला आणि दूरदूर पसरला. त्यात वायूचे बुडबुडे होते. लाव्हा थंड होऊन खडक झाला आणि बुडबुड्यांच्या जागी राहिल्या पोकळ्या. आईनं ढोकळा कापला की आत जाळी दिसते ना? अगदी तशा!

मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं. पाण्यात विरघळलेली होती सिलिका. तीच सिलिका जी वाळूत असते. काचेतही असते! ती पोकळीच्या भिंतीवर थरावर थर बसत गेली आणि शेवटी पोकळी भरून गेली. पुढं बाहेरचा काळा खडक झिजला, आणि आतला कडक गोळा सुटून नदीत आला.

काचेचं नाव मी मुद्दाम घेतलं. काचेचा पेला फुटला की आई काय ओरडते? ‘हात लावू नको, कापेल!’ अकीकही असाच फुटतो. कड निघते ती थेट धारदार! शिवाय तो इतका कठीण की घरातल्या सुरीनं त्याच्यावर ओरखडासुद्धा पडत नाही. लोखंड माहीतच नव्हतं त्या काळात माणसाला यापेक्षा चांगला दगड कुठला मिळणार?

आता हत्यार कसं बनायचं ते बघ. आधी एक चांगला गोटा निवडायचा. त्याला ठोकून नीट आकार द्यायचा. हा झाला गाभा. मग गाभ्याच्या कडेवर शिंगाचं किंवा हाडाचं टोक टेकवायचं आणि जोर लावून दाबायचं. टच्! एक लांबट, पातळ पातं सुटलं. त्याच्या शेजारी पुन्हा दाबायचं. टच्! दुसरं पातं. एकाच गाभ्यातून अशी कितीतरी पाती निघायची. आणि हात किती तयार असेल विचार कर! जागा जराशी चुकली की पातं मध्येच तुटणार.

मग पात्याचे तुकडे करायचे. कुणी त्रिकोणी, कुणी चंद्रकोरीसारखे. एखादा सेंटिमीटर, फार तर दोन-तीन सेंटिमीटर लांब. आणि आता खरी गंमत! तुकड्याची एक कड धारदार ठेवायची, पण दुसरी मुद्दाम बोथट करायची. बारीक बारीक टवके काढून!

का बरं? एवढ्या मेहनतीनं धार काढायची आणि अर्धी घालवायची? ओळख बघू!

कारण ही हत्यारं नुसती हातात धरायची नसायचीच. लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडायची. खाचेत झाडाचा डिंक भरायचा. त्यात ही पाती बसवायची, बोथट बाजू आत आणि धारेची बाजू बाहेर. बोथट पाठ लाकूड कापत नाही आणि डिंकही तिला घट्ट धरतो. एक चंद्रकोर बाणाच्या टोकाला लावली, दोन बाजूंना लावल्या, की झाला बाण तयार! पाच-सहा पाती ओळीनं बसवली की झाला विळा! एखादं पातं तुटलं तर तेवढंच काढायचं आणि नवं बसवायचं. बाकी दांडा तसाच!

पुढं लाकूड कुजलं. डिंक गेला. उरला फक्त तो इवलासा दगड. म्हणून आज आपल्याला सापडते ती नुसती चंद्रकोर. बाकीचा बाण आपण मनात जोडायचा!

अशा चिमुकल्या हत्यारांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात. ती किती जुनी असतील? मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात मेहताखेडी नावाची जागा आहे. तिथली सूक्ष्मास्त्रं सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीची आहेत! तुझ्या आजोबांचे आजोबा, त्यांचे आजोबा... मोजत बसलास किंवा बसलीस तर रात्र होईल!

आपल्या जळगाव जिल्ह्यातही एक जागा आहे. चाळीसगावजवळचं पाटणे. तिथं डॉ. एस. ए. साळी यांनी १९७२-७३ च्या सुमारास उत्खनन केलं. दगडी हत्यारं तर मिळालीच. पण आणखी काय मिळालं, सांगू? शहामृगाच्या अंड्याची कवचं! हो, शहामृग! आपल्या महाराष्ट्रात! एका तुकड्यावर तर कुणीतरी तिरप्या रेघांची नक्षी कोरली होती. तो तुकडा सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा आहे. शिकार करायची, दगड घडवायचा आणि वर नक्षीही काढायची. मला तर त्या माणसाला भेटावंसंच वाटतं!

तुला वाटेल, तांबं सापडल्यावर लोकांनी दगड टाकून दिला असेल. मुळीच नाही! पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं तीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांचं गाव होतं. घरं होती, धान्य होतं, रंगवलेली मडकी होती, तांबंही होतं. पण तांबं महाग आणि थोडं! मग रोजच्या कापाकापीला काय? तीच दगडी पाती!

बरं, हे दगड ओळखले कुणी? १८६५ साली ए. बी. विन नावाचे भूवैज्ञानिक पैठणजवळ मुंगी इथं गोदावरीकाठी हिंडत होते. नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात त्यांना अकीकाचा एक छिलका दिसला. त्याच थरात प्राचीन प्राण्यांची हाडंही होती. हा छिलका आपोआप निघालेला नाही, माणसानं काढलेला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याआधी दोनच वर्षं, १८६३ मध्ये, चेन्नईजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांना दगडी कुऱ्हाड सापडली होती. म्हणजे भारतातल्या अगदी पहिल्यावहिल्या शोधांत आपल्या गोदावरीचा नंबर लागतो. नांदेडच्या घाटावरून वाहते ना, तीच गोदावरी!

पण त्यासाठी शास्त्रज्ञच असावं लागतं का? नाही! के. आर. यू. टॉड हे नौदलातले अधिकारी होते. नोकरी समुद्रावरची, छंद दगडांचा! मुंबईच्या आसपास हिंडून त्यांनी दगडी हत्यारं शोधली, कांदिवलीला तर खूपच. १९३९ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि १९५० मध्ये मुंबईच्या सूक्ष्मास्त्रांवर दुसरा. आज कांदिवलीला इमारतीच इमारती आहेत. टॉडसाहेबांनी लिहून ठेवलं नसतं, तर आपल्याला ते कळलं तरी असतं का?

आणि मला सर्वांत आवडते ती गोष्ट अमेरिकेतली. जॉर्ज मॅकजंकिन नावाचा एक गुराखी होता. जन्मला गुलामगिरीत. पुढं लिहाय-वाचायला शिकला. १९०८ साली फॉल्सम गावाजवळ मोठा पूर आला आणि ओढ्याची दरड कापली गेली. कुंपण बघायला निघालेल्या जॉर्जला त्या दरडीत हाडं दिसली. गाईची? नाही, फारच मोठी! तो येईल-जाईल त्याला सांगत राहिला. पण शास्त्रज्ञ तिथं खोदायला आले १९२६ मध्ये. तोवर जॉर्ज जग सोडून गेला होता.

१९२७ मध्ये तिथं काय निघालं माहीत आहे? नामशेष झालेल्या रानगव्याच्या बरगड्या. आणि दोन बरगड्यांमध्ये अडकलेलं दगडी टोक!

आता तू असतास किंवा असतीस तर काय केलं असतं? पटकन उचललं असतं ना? तिथं खोदणाऱ्यांनी हातच लावला नाही! काम थांबवलं. तारा पाठवल्या. ‘या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा!’ मोठमोठे शास्त्रज्ञ आले. टोक जिथल्या तिथं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं की माणूस तो प्राणी जिवंत असतानाच अमेरिकेत होता. म्हणजे दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी! तेच टोक कुणी खिशात घालून आणलं असतं, तर ते नुसतं एक सुंदर टोक राहिलं असतं.

म्हणून छंद लागलाच, तर तो बघण्याचा आणि टिपण्याचा लावून घे. पहिले दोन-चार पाऊस झाले की माती धुऊन जाते आणि दगड चमकतात. वावरातून वेचलेले दगड धुऱ्यावर टाकलेले असतात, तिथंही बघ. वावर दुसऱ्याचं असेल तर आधी विचार. नदीवर मोठ्या माणसांसोबतच जायचं हं, पैनगंगेचं पाणी झपकन वाढतं!

काय शोधायचं? दगडाची एक बाजू गुळगुळीत हवी. तिच्या एका टोकाला हलकासा फुगवटा असतो, कारण दाब तिथंच पडलेला असतो. फुगवट्यापासून पुढं बारीक लाटा पसरलेल्या दिसतात, शिंपल्यावर असतात तशा. दुसऱ्या बाजूला लांब, सरळ, शेजारी शेजारी धारा असतील तर ओरड खुशाल! त्या आधी काढलेल्या पात्यांच्या खुणा. नांगराच्या फाळानं दगड फुटला तर अशी शिस्त सहसा येत नाही.

सापडला? मग उकरायचं नाही. घरीही न्यायचा नाही. माणसानं घडवलेल्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी आपल्याकडे १९७२ सालचा कायदा आहे. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेव, म्हणजे आकार कळेल. वरून एक फोटो, बाजूनं एक फोटो आणि आजूबाजूच्या जागेचा एक मोठा फोटो. वहीत तारीख लिही, गावाचं नाव लिही, नदी किंवा विहीर किती लांब तेही लिही. मग सरांना किंवा बाईंना दाखव. ते राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहू शकतात. त्या पत्राखाली तुझंही नाव घालायला सांग!

एक मात्र करू नकोस. घरी दगडावर दगड आपटून पातं काढायला जाऊ नकोस. कपची उडते ती थेट डोळ्यात! त्यापेक्षा कधी पुण्याला जाणं झालं, तर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. इनामगावचं उत्खनन याच संस्थेनं केलं, १९६८ पासून पुढं कितीतरी वर्षं. तिथं दगडी पात्यांसमोर थांब, वाकून बघ आणि त्यांची बोथट केलेली पाठ शोधून काढ. आता ती तुला नक्की ओळखता येईल!