मोटारीच्या चाकाचा मोडका स्टड

मोटारीचे चाक काढताना एखादा स्टड मोडला, तर उरलेल्यांवर काम भागेल असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते हा समज घातक आहे. मारुती ८०० गाडीच्या प्रत्येक चाकास स्टड चारच. त्यांतील एक गेला, म्हणजे पाव पकड गेली.

स्टड ही चाक टांगण्याची खुंटी नव्हे. नट आवळताच तो स्प्रिंगप्रमाणे किंचित ताणला जातो व चाकास हबवर दाबून धरतो. या दाबामुळे जे घर्षण उत्पन्न होते, तेच गाडीचा भार मुख्यत्वे पेलते. नट सैल राहिला, तर प्रत्येक फेऱ्यागणिक स्टड वाकतो व अखेर थकून तुटतो. उलट, पान्यावर उभे राहून नट आवळणारे महाभागही आपल्याकडे थोडे नाहीत! त्यांच्या हातून, किंबहुना पायांतून, स्टड मर्यादेबाहेर ताणला जातो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंजलेला नट तर काढतानाच त्यास पिळून मोडतो.

गाडी सपाट जागी उभी करून, इतर चाकांना दगड लावूनच ती जॅकवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये. चाक व आड येणारा ब्रेकचा ड्रम उतरवून जुना स्टड हातोडीने मागे ठोकून काढावा. नव्या स्टडचे दाते हबच्या भोकातील खाचांशी जुळवावेत आणि वॉशर घालून नटानेच तो ओढून बसवावा. शेजारचे स्टडही बहुधा दुखावलेले असतात; ते बदलणे इष्ट. नट समोरासमोरचे क्रमाने आवळावेत व सुमारे ८० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत.