अणूंचा टंच

हुपरीत चांदी आटवून लगड पडली म्हणून लगेच व्यवहार होत नाही. आधी टंच काढतात. लगडीला बारीक छिद्र पाडायचं, चिमूटभर भुगा घ्यायचा, तो तपासायचा आणि शंभरात शुद्ध चांदी किती ते कागदावर लिहून द्यायचं. त्या चिमटीवरून अख्ख्या लगडीचा भाव ठरतो. हातकणंगले तालुक्याच्या या टोकाला, हुपरी-रेंदाळच्या पट्ट्यात, पैंजण घडवणाऱ्या घरातल्या पोरालाही टंच म्हणजे काय ते समजावावं लागत नाही.

याच जातीचं काम अणूंच्या बाबतीत करणारं एक यंत्र आहे. त्याचं मराठी नाव भारदस्त आहे, औष्णिक आयनीभवन वस्तुमान वर्णपटमापी. प्रयोगशाळेत मात्र सगळे त्याला ‘टिम्स’ म्हणतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञांच्या काही पिढ्यांची उमेदीची वर्षं या यंत्रासमोर गेली. बाहेरच्या जगाला त्यांची नावं फारशी ठाऊक नाहीत. टंच काढणाऱ्याचं नाव तरी दागिन्यावर कुठे असतं?

चांदी आणि तांबं यांचे स्वभाव वेगळे, म्हणून आम्ल लावून त्यांना निवडता येतं. युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ यांना कुठलंही आम्ल लावा, दोघे सारखेच वागतात. फरक फक्त वजनाचा, तोही तीन न्यूट्रॉनांचा. खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या हजार अणूंत २३५चे जेमतेम सात असतात, आणि बहुतेक अणुभट्ट्यांचा विस्तव त्या सातांवरच पेटतो. मग ते सात मोजायचे कसे?

उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहिलं तर उत्तर दिसतं. रिकामी ट्रॉली वळणावर झटकन वळते, भरलेली रुंद वळण घेत जाते. विद्युतभारित अणू चुंबकीय क्षेत्रातून सोडले की हलके जास्त वळतात, जड कमी. वळणाच्या पलीकडे धातूच्या छोट्या पेल्या ठेवायच्या आणि कुठल्या पेलीत किती भार जमा झाला ते पाहायचं. शिकागोच्या आर्थर डेम्प्स्टर यांनी १९१८ मध्ये असं यंत्र उभारलं. पुढे १९३५ मध्ये युरेनियम-२३५ पहिल्यांदा दिसलं ते त्यांनाच.

खरी अडचण वळणाच्या आधीची आहे. अणूवर भारच नसेल तर चुंबक त्याला जुमानत नाही. अणूचा एक इलेक्ट्रॉन आधी काढून घ्यावा लागतो. इथे या कथेत मेघनाद साहा येतात. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराच्या या मुलाने १९२० मध्ये तापमान आणि आयनीभवन यांचं समीकरण मांडलं. विषय होता सूर्याचं वातावरण. दोन-तीन वर्षांत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर आणि किंगडन यांना तापलेल्या टंगस्टनच्या तारेवर, म्हणजे बल्बातल्या तारेसारख्याच तारेवर, एक गंमत दिसली. सीझियमचा अणू त्या तारेला शिवला की आपला इलेक्ट्रॉन तिथेच ठेवून उडून जातो. ही सगळी ओढाताण आहे. सीझियमची इलेक्ट्रॉनवरची पकड ३.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, टंगस्टनची ओढ साडेचारची. ओढ जिंकते. साहांचं सूर्यासाठीचं समीकरण धातूच्या पृष्ठभागावर आलं आणि साहा-लँगम्यूर समीकरण झालं.

युरेनियमची पकड मात्र ६.१९ची. म्हणून त्याच्यासाठी रेनियम वापरतात. त्याची ओढ टंगस्टनपेक्षा जास्त, आणि ३,१८६ अंश सेल्सिअसपर्यंत तो वितळत नाही. तरीही दोन हजार अंशांच्या आसपास तापलेल्या रेनियमवरून युरेनियमच्या हजार अणूंतला एखादाच आयन होऊन निघतो. बाकीचे तसेच वाफ होऊन जातात. या कंजूष यंत्रातून नेमका आकडा काढायचा, हीच या मंडळींची कारागिरी.

ती जवळून पाहण्यासारखी आहे. रेनियमची फीत नखाएवढ्या लांबीची आणि कागदाहून पातळ. दोन खांबांवर ती ठिणगीने जोडतात. मग निर्वातात नुसतीच तापवतात, म्हणजे तिच्यातली घाण जळून जावी. थंड झाली की तिच्या मधोमध नमुन्याचा एक मायक्रोलिटर थेंब ठेवायचा. तो पसरला, काठाला गेला, तर त्या दिवसाचं काम बिघडलं. थेंब वाळवताना विजेचा प्रवाह इतका हळू वाढवायचा की उकळी फुटता कामा नये. बोट लावायची तर सोयच नाही. घामातल्या सोडियम-पोटॅशियमची इलेक्ट्रॉनवरची पकड सैल. फीत तापली की आधी तेच उधळतात आणि बिचारं युरेनियम मागे पडतं. काम संपलं की फीत टाकून द्यायची. पुढच्या नमुन्यात मागच्याची आठवण नको.

यानंतरचं तापवणं म्हणजे आमच्याकडच्या गुऱ्हाळाचीच तऱ्हा. काहिलीतल्या रसाला किती आच लागली, ते गुळव्या बुडबुड्यांवरून ओळखतो आणि चुलवाणावरच्या जळव्याला हाक देतो. टिम्ससमोर बसलेला माणूसही फितीचा रंग आणि पेलीतला प्रवाह बघत आच वाढवत नेतो. घाई केली तर दगा होतो, कारण हलके अणू आधी उडतात आणि जड मागे राहतात. पहिल्या पाच मिनिटांचं प्रमाण आणि शेवटच्या पाच मिनिटांचं प्रमाण एक नसतं. यावर एक उपाय असा की फितीवरचा शेवटचा अणू उडेपर्यंत मोजत राहायचं आणि सगळ्याची बेरीज घ्यायची.

इतकं करूनही यंत्र सांगतं ते फक्त प्रमाण. एकूण माल किती, ते सांगत नाही. त्यासाठीची युक्ती शेतकऱ्याच्या घरात सहज समजेल. कणगीत जोंधळ्याचे किती दाणे आहेत, हे मोजायचं आहे. मोजून दहा हजार लाल रंगवलेले दाणे आत टाका, चांगले कालवा आणि एक मूठ काढा. मुठीत शंभराला एक लाल निघाला तर कणगीत सुमारे दहा लाख जोंधळे आहेत. अणूंच्या बाबतीत लाल दाणा म्हणजे त्याच मूलद्रव्याचं एरवी तिथे नसणारं भावंड. युरेनियमसाठी थोरियमपासून तयार केलेलं युरेनियम-२३३, प्लुटोनियमसाठी बहुधा प्लुटोनियम-२४२. यातली मेख अशी की एकदा नीट कालवलं की पुढे निम्मा नमुना सांडला तरी बिघडत नाही. सांडलेल्यातही तेच प्रमाण असतं. वजन चुकू शकतं, गुणोत्तर टिकतं.

देशाच्या अणुकार्यक्रमाला हाच हिशेब हवा होता. मुंबईतल्या ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६४ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये तारापूरची वीज आली. भट्टीतून निघालेलं इंधन अतोनात किरणोत्सारी, मण-मणाने तोलण्याजोगं नाही. ते आम्लात विरघळवतात, लाल दाणे टाकतात आणि टाकीतला एक थेंब फितीवर जातो. इंधन किती जळलं हे कळायला निओडिमियम-१४८ हा साक्षीदार. तो विखंडनात ठराविक प्रमाणात तयार होतो आणि जागचा हलत नाही. ग्रॅमा-ग्रॅमाचा जमाखर्च राष्ट्रीय सुरक्षेचा भाग असतो, तेव्हा टंच काढणाऱ्याचा हात थरथरून चालत नाही.

भाभा केंद्राच्या इंधन रसायन विभागात हे काम दशकानुदशके चाललं. तिथले सुरेश अगरवाल आणि एच. सी. जैन यांनी १९८०च्या सुमारास प्लुटोनियम-२४१च्या अर्धायुष्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. हे अर्धायुष्य चौदा वर्षांहून थोडं जास्त. ते मोजायची एक रीत म्हणजे एकच नमुना जपून ठेवायचा आणि काही काळाने पुन्हापुन्हा त्याचं गुणोत्तर काढत राहायचं. माणसाच्या नोकरीच्या निम्म्या काळात जेमतेम अर्धा विरणारा पदार्थ आणि त्याच्याकडे बघत बसलेला माणूस, असा हा व्यवसाय. वस्तुमान वर्णपटमापनातल्या मंडळींची इस्मास ही संस्थाही १९७८ मध्ये ट्रॉम्बेतच निघाली. यंत्रंही नुसती परदेशातून आणली नाहीत; केंद्राने स्वतः बनवली.

हे सगळं हातकणंगल्यापासून लांबचं वाटेल. पण आळत्याच्या रामलिंगाच्या डोंगरावर ज्या कातळावर आपण बसतो, त्याचं वयही असल्याच फितीने सांगितलं. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. सह्याद्रीच्या घाटांत रस्त्याच्या कापात दोन थरांमध्ये अधूनमधून तांबडे पट्टे दिसतात. त्यातल्या काहींत जुन्या राखेबरोबर आलेले झिरकॉनचे कण असतात. झिरकॉन घडताना युरेनियमला घरात घेतो, शिशाला दारातच अडवतो. म्हणून आत सापडलेलं शिसं जवळपास सगळं नंतर, युरेनियमच्या क्षयातून तयार झालेलं. दोघांचं प्रमाण काढलं की वय निघालं.

शिशाची इलेक्ट्रॉनवरची पकड ७.४ची. रेनियमलाही ते दाद देत नाही. १९६९ मध्ये त्यावर तोडगा निघाला. फितीवर सिलिका जेल आणि फॉस्फरिक आम्ल यांचा लेप द्यायचा, की शिसं मुकाट्याने आयन होतं. त्याआधी क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं, ते १९५६ मध्ये. प्रयोगशाळेतल्या धुळीतलं शिसं आकडा बिघडवतंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्या धुळीचा माग काढत ते पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोचले आणि त्याविरुद्ध उभे राहिले. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं.

प्रिन्स्टनचे ब्लेअर शोएन आणि सहकारी सह्याद्रीतले झिरकॉन घेऊन गेले. या सहकाऱ्यांत अमरावती विद्यापीठाचे एस. एफ. आर. खाद्री होते. २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की लाव्ह्याचा मुख्य लोंढा डायनोसॉर संपण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षं चालला. वय सहा कोटी साठ लाख वर्षांच्या घरातलं आणि चूक काही दहा हजार वर्षांची. २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोएन यांच्या फितीने सांगितलं की एक मोठा उद्रेक डायनोसॉर संपले त्या वेळच्या उल्कापाताच्या थोडा आधीच सुरू झाला होता. दुसऱ्या गटाने अरगॉन वायूच्या पद्धतीने मोजलं तर बहुतेक लाव्हा नंतरचा निघाला.

हुपरीत असं झालं तर काय करतात? दोन ठिकाणचे टंच जुळले नाहीत तर भांडण यंत्राशी नसतं. लगडीला पुन्हा छिद्र पाडतात, या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात. घाटातही तेच चाललंय. हातोडा आणि पिशव्या घेऊन माणसं पुन्हा तांबड्या पट्ट्यांपाशी येतात.